बाजारातले वाद्य : हुकमाचे आणि हक्काचे

बाजार म्हटला की भाजीचे ढीग, तराजू, घासाघीस आणि गर्दी एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु बाजाराला आवाजही असतो. ज्या दिवशी दहा-बारा गावांची माणसे एका तळावर जमतात, त्या दिवशी तिथे वाजवणाराही येतो. कारण त्याला ऐकणारे आयते मिळतात आणि बाजाराला त्याच्यामुळे माणूस मिळतो. अमेरिकेत शेतकऱ्यांनी आपला माल थेट गिऱ्हाइकाला विकण्याचे बाजार अलीकडच्या काळात फार वाढले. १९९४ साली तिथल्या शेतीखात्याने असे १७५५ बाजार मोजले होते. २०१४ साली ती संख्या ८२६८ वर गेली. यांपैकी पुष्कळ बाजारांत त्या त्या गावची वादक मंडळी बसून गातात, वाजवतात. आपल्याकडे २०१६ साली फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त झाला आणि शहरांतून शेतकरी आठवडी बाजार भरू लागले. उद्या इथेही कोणी हौसेने लोककलेचा कार्यक्रम ठेवील, हलगीवाल्यांना बोलावील, छायाचित्रे काढील.

यात वाईट काय, असे कोणी विचारील. वाईट काहीच नाही. परंतु बाजारातल्या वाद्याकडे केवळ करमणूक म्हणून पाहणे आपल्याला परवडणारे नाही. वाजवणारा कोण, तो कोणाच्या सांगण्यावरून वाजवतो, त्याचा मोबदला कोण ठरवतो, आणि वाजवून झाल्यावर तो कुठे बसून जेवतो, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय त्या संगीताचा अर्थ लागत नाही. हे प्रश्न समजून घेण्यासाठी प्रस्तुत लेखात दोन बाजारांचा विचार केला आहे. एक अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातला गुलामांचा रविवारचा बाजार आणि दुसरा आपला आठवडी बाजार.

ही तुलना ओढूनताणून केलेली नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले त्यांना अर्पण केली. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. म. ना. वानखडे यांनी अमेरिकेतून परतल्यावर कृष्णवर्णीयांच्या साहित्याची मराठी वाचकाला ओळख करून दिली आणि १९७२ साली दलित पँथरने आपले नावच तिकडच्या चळवळीवरून घेतले. म्हणजे हा रस्ता आपल्या पायाखालचा आहे. मात्र आजवर आपण त्या रस्त्याने कविता आणली, कथा आणली, चळवळीचा जाहीरनामा आणला. तिथल्या ढोलाकडे तितकेसे लक्ष दिले नाही.

काँगो स्क्वेअर

न्यू ऑर्लिन्स हे शहर फ्रेंचांनी १७१८ साली वसवले. मिसिसिपी नदीच्या काठावरच्या या वसाहतीत आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांच्या श्रमावर सगळा डोलारा उभा होता. १७२४ साली फ्रेंचांनी तिथे गुलामांसंबंधीचा कायदा लागू केला. तो कायदा क्रूरच होता. परंतु ख्रिस्ती धर्माचा विश्रांतीचा दिवस म्हणून रविवारी गुलामांकडून काम घेऊ नये, असे एक कलम त्यात होते. हे कलम गुलामांच्या कळवळ्यातून आलेले नव्हते. तरीही गुलामांनी त्या एका फटीतून आपला एक दिवस बाहेर काढला.

त्या दिवशी ते काय करीत? पुष्कळ मालक गुलामांना पुरेसे अन्न देत नसत. त्याऐवजी जमिनीचा एखादा तुकडा त्यांनी स्वतः कसावा अशी सोय करीत. मालकाचा खर्च त्यामुळे वाचे. या तुकड्यात पिकवलेली भाजी, पाळलेल्या कोंबड्या, अंडी, पकडलेले मासे, जंगलातून आणलेली लाकडे हे सगळे घेऊन गुलाम रविवारी शहरात येत आणि विकत. शहराच्या तटामागच्या मोकळ्या मैदानात असा बाजार भरू लागला. बायका तांदळाचे तळलेले गोड वडे, आल्याचे पेय, साखरेच्या पाकातल्या वड्या विकायला बसत. खरेदी करणाऱ्यांत गोरेही असत. १७६० नंतरच्या दशकांत वसाहत स्पेनच्या ताब्यात गेली. स्पॅनिश कायद्यात गुलामाला आपली किंमत ठरवून घेऊन ती मालकाला चुकती करण्याचा आणि स्वतंत्र होण्याचा मार्ग होता. बाजारातल्या मिळकतीतून, पै पै साठवून, शेकडो माणसांनी स्वतःला विकत घेतले. स्वतःला विकत घेण्याची पाळी माणसावर यावी, यातच त्या व्यवस्थेची अमानुषता दिसते. तरी त्या बाजाराने माणसाच्या हातात पहिल्यांदा स्वतःची नाणी ठेवली, हेही तितकेच खरे.

याच मैदानात ढोल वाजू लागले. १८०३ साली हा प्रदेश अमेरिकेने विकत घेतला. १८०९ साली हैतीच्या क्रांतीनंतर परागंदा झालेली नऊ हजारांहून अधिक माणसे क्यूबामार्गे या शहरात आली; त्यांत गोरे होते, स्वतंत्र कृष्णवर्णीय होते आणि गुलामही होते. गुलामांनी बंड करून राज्य उलथवल्याची बातमी त्यांच्याबरोबर आली. त्यामुळे गोऱ्या कारभाऱ्यांना गुलामांच्या जमावाची धास्ती वाटू लागली. १८१७ साली नगरपरिषदेने नियम केला की, गुलामांनी नाचगाण्यासाठी फक्त रविवारी, महापौर नेमून देईल त्याच जागी आणि सूर्यास्तापर्यंतच जमावे. ती जागा म्हणजे हे मैदान. पुढे ते काँगो स्क्वेअर या नावाने ओळखले गेले. म्हणजे आज ज्या जागेला जगभरचे लोक संगीताचे तीर्थ मानतात, ती जागा मुळात पोलिसांच्या नजरेखाली राहावी म्हणून नेमलेली होती.

१८१९ साली बेंजामिन लॅट्रोब हा वास्तुशिल्पी एका रविवारी तिथून चालला होता. लाकडी फरशीवर घोडे टापा आपटत आहेत असा आवाज त्याला दूरवरून आला. जवळ जाऊन पाहतो तो पाच-सहाशे माणसे वर्तुळे करून उभी, मध्ये नाचणारे, आणि ढोल. एक वृद्ध मोठ्या ढोलावर मांड टाकून बसलेला आणि हातांनी वाजवीत असलेला त्याने पाहिला. भोपळ्याच्या तुंब्याला दांडी जोडून केलेले एक तंतुवाद्यही त्याने पाहिले. पुढे बँजो म्हणून जे वाद्य प्रसिद्ध झाले त्याच्या कुळातले ते होते. लॅट्रोबला हे सगळे रानटी आणि कंटाळवाणे वाटले. परंतु त्याने वाद्यांची चित्रे काढून ठेवली आणि वर्णन लिहिले. आज काँगो स्क्वेअरचा इतिहास लिहिणाऱ्याला त्याच रोजनिशीकडे जावे लागते. वाजवणाऱ्याचे नाव मात्र त्यात नाही. जगाच्या सांस्कृतिक इतिहासात हे वारंवार घडलेले आहे: ज्याला ते संगीत कळले नाही त्याचे नाव टिकले आणि ज्याने ते निर्माण केले तो अनाम राहिला.

ढोलाची भीती

गुलाममालकांना ढोलाची भीती का वाटावी? याचे उत्तर १७३९ सालच्या एका बंडात मिळते. साऊथ कॅरोलायनात स्टोनो नदीजवळ गुलामांनी शस्त्रे हाती घेतली आणि ढोल वाजवीत ते निघाले. वाटेवरच्या माणसांना ढोल म्हणजे ‘या, सामील व्हा’ अशी हाक होती. बंड चिरडले गेले. १७४० साली तिथल्या विधिमंडळाने जो कायदा केला त्यात गुलामांनी ढोल, शिंगे किंवा मोठ्या आवाजाची वाद्ये वापरण्यावर बंदी घातली. वाद्य हे शस्त्राच्या यादीत जाऊन बसले. मालकाला शब्द ऐकू आला तर तो अर्थ लावू शकतो. ढोलाची भाषा त्याला कळत नाही. न कळणाऱ्या भाषेत आपले गुलाम एकमेकांशी बोलताहेत, ही त्याची खरी भीती.

न्यू ऑर्लिन्समध्ये काही वर्षे ढोल वाजत राहिले. परंतु निर्बंध आवळत गेले आणि यादवी युद्धाच्या आधीच काँगो स्क्वेअरवरचे ते रविवार थांबले. लय मात्र थांबली नाही. १८४८ साली लुई मोरो गॉटशाल्क या न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेल्या गोऱ्या पियानोवादकाने ‘बाम्बुला’ ही रचना केली आणि पॅरिसमध्ये नाव कमावले. बाम्बुला हे त्या मैदानावरच्या ढोलाचे आणि नाचाचे नाव. मैदानावरच्या माणसांना त्यावेळी स्वतःच्या देहाचीही मालकी नव्हती.

१८६५ साली युद्ध संपले, गुलामगिरी कायद्याने गेली. त्यानंतर न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत लष्करी बँडच्या धर्तीवर पितळी वाद्यांचे बँड उभे राहिले. हे बँड टिकले कसे, हा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा आहे. या वस्त्यांत परस्पर साहाय्य मंडळे होती. सभासदाने वर्गणी भरायची. तो आजारी पडला तर औषधाचा आणि मेला तर दफनाचा खर्च मंडळाने करायचा. अंत्ययात्रेला बँड लावणे हा मंडळाच्या प्रतिष्ठेचा भाग होता. वर्धापनदिनाच्या मिरवणुकीलाही बँड असे. म्हणजे वादकाला बोलावणारा, त्याला पैसे देणारा आणि त्याच्यामागे चालणारा माणूस त्याच्याच वस्तीतला होता. वाद्य मालकाच्या दारात न वाजता आपल्या माणसाच्या अखेरच्या प्रवासात वाजत होते. पुढे जॅझ म्हणून जगभर गेलेल्या संगीताच्या मुळांपैकी हे एक मोठे मूळ आहे.

अर्थात सगळे काही गोड झाले असे समजू नये. १८९३ साली त्या मैदानाला बोरगार्ड या सेनापतीचे नाव देण्यात आले. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणी राज्यांच्या बाजूने लढलेला हा सेनापती. १९६० च्या दशकात शेजारच्या कृष्णवर्णीय वस्तीतली घरे सांस्कृतिक केंद्रासाठी पाडली गेली आणि त्यांच्या हमरस्त्यावरून उंच महामार्ग नेण्यात आला. १९७० साली त्याच मैदानात संगीताचा पहिला मोठा वारसा-महोत्सव भरला. संस्कृतीसाठी केंद्र बांधायचे आणि त्यासाठी संस्कृती निर्माण करणाऱ्यांना उठवायचे, हा न्याय आपल्यालाही अपरिचित नाही. काँगो स्क्वेअर हे नाव नगरपरिषदेने अधिकृतपणे दिले ते २०११ साली. त्याच्या एकच वर्ष आधी, २०१० साली, रस्त्याच्या कोपऱ्यावर वाजवणाऱ्या तरुण वादकांना रात्री आठनंतर वाजवू नका म्हणून पोलिसांनी अडवले होते आणि त्यावरून शहरात मोठा वाद झाला होता. पर्यटकाला बोलावताना वाद्य हवे असते; वादकाने रस्त्यावर आपला हक्क सांगितला की नियम आठवतात.

आपला बाजारतळ

आता आपल्या बाजाराकडे वळू. न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात गुलाम बाईने तळलेला वडा गोरा माणूस विकत घेऊन खात होता. आपल्याकडे हे शक्य होते काय? अस्पृश्याने दूध, भाजी, शिजवलेले अन्न विकायला बसावे आणि सवर्णाने ते घ्यावे, ही गोष्ट विटाळाच्या नियमात बसतच नव्हती. बाबासाहेबांनी याकडे पुन्हा पुन्हा लक्ष वेधले: अस्पृश्यता ही माणसाला पोट भरण्याच्या बहुतेक वाटा बंद करणारी आर्थिक व्यवस्थाही आहे. मग अस्पृश्याला बाजारात काय विकता येत होते? मांगाने दोरखंड आणि केरसुण्या, चांभाराने वहाणा, महाराने गवताचे आणि सरपणाचे भारे. ज्या वस्तूला पाणी लागत नाही, जी तोंडात जात नाही, ती. त्यांची बसण्याची जागाही बाजाराच्या कडेला.

याच बाजारात तो आणखी एका कामासाठी लागे: वाद्य वाजवण्यासाठी. दवंडी द्यायची ती बाजाराच्या दिवशी, कारण पंचक्रोशीतली माणसे जमलेली असत. सरकारी फर्मान, लिलाव, जप्ती, हरवलेले जनावर, कोणाच्या शेताची मनाई, सगळे हलगीच्या तालावर पुकारले जाई. बैलजोडी विकली तरी हलगी, जत्रा भरली तरी हलगी, कुस्तीचे मैदान असले तरी हलगी. लग्नात वाजंत्री पुढे आणि पंगत बसली की तो उकिरड्याच्या बाजूला.

हे वाजवणे नोकरी नव्हते आणि व्यवसायही नव्हता. ते गावकीचे काम होते. त्याचा मोबदला बलुत्यात, ओवाळणीत, उरलेल्या अन्नात. दर ठरवणे वाजवणाऱ्याच्या हाती नव्हते. नाही म्हणण्याची मुभा तर मुळीच नव्हती. ‘आज माझ्या घरी दुखवटा आहे’ असे म्हणायचीही सोय नसे. न्यू ऑर्लिन्सच्या ढोलात आणि आपल्या हलगीत हा मूलभूत फरक आहे. तिथे सत्ता म्हणत होती, ‘वाजवू नका.’ इथे सत्ता म्हणत होती, ‘वाजवलेच पाहिजे.’ तिथे ढोल बंद करणारा कायदा होता. इथे हलगी वाजवायला लावणारी रूढी होती. दोन्हीकडे हिरावून घेतली गेली ती एकच गोष्ट, वाजवायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. तिथल्या माणसाला स्वातंत्र्य म्हणजे ढोल वाजवणे वाटले, आणि आपल्या माणसाला स्वातंत्र्य म्हणजे आधी हलगी खाली ठेवणे वाटले. वरवर या उलट कृती दिसतात. परंतु त्यांच्यामागचा आशय एक आहे.

कातड्याचा विटाळ

हलगी हे वाद्य रचनेने साधे आहे. एक गोल कडे, पूर्वी लाकडाचे, आता बहुधा लोखंडाचे. त्यावर ताणून बसवलेले बकऱ्याचे कातडे. वाजवणारा ती एका खांद्यावरून अडकवतो, एका हातात जाडसर टिपरू आणि दुसऱ्या हातात बारीक काडी. जाड टिपरू बोल काढते आणि बारीक काडी मधल्या जागा भरत जाते. हवा दमट असली की कातडे सैल पडते, म्हणून वाजवण्यापूर्वी गवताचा किंवा कागदाचा जाळ करून हलगी शेकावी लागते. शेकताना हात भाजू न देता, कातडे जळू न देता, बोटाने टिचकी मारून सूर ओळखणे हे शिकावे लागते. ही विद्या आहे. परंतु तिला विद्या कोणी म्हटले नाही.

वास्तविक मृदंगाला, पखवाजाला, तबल्यालाही कातडेच लागते. ते कातडे कमावणारा आणि त्या वाद्याला चढवणारा बहुधा खालच्या मानलेल्या जातीतलाच. दक्षिणेतले गायक टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली मृदंग बनवणाऱ्या कारागिरांवर एक पुस्तक लिहिले. हे कारागीर प्रामुख्याने दलित ख्रिस्ती आहेत. मृदंग सभागृहात पूज्य ठरतो आणि तो बनवणारा दाराबाहेर राहतो. सनईचेही तेच. देवळाच्या नगारखान्यात गुरवाच्या तोंडी ती मंगल ठरली आणि वेशीबाहेर मांगाच्या तोंडी केवळ वाजंत्री. तात्पर्य, विटाळ कातड्यात नाही आणि सुरातही नाही. तो माणसामाणसांतल्या उतरंडीत आहे. आता अनेक ठिकाणी हलगीवर प्लॅस्टिकचा पडदा आला. कातडे गेले, शेकणे गेले. वाजवणाऱ्याची जात काही त्याबरोबर गेली नाही.

वाद्याने माणसाची जात ठरवावी याचे सर्वांत बोलके उदाहरण तमिळनाडूत आहे. तिथल्या ‘परै’ या चर्मवाद्यावरून ‘परैयर’ हे जातीचे नाव आले आणि इंग्रजीत बहिष्कृत माणसाला जो शब्द वापरला जातो तो यावरूनच गेला. म्हणजे जगाच्या एका मोठ्या भाषेत ‘ढोल वाजवणारा’ याचा अर्थ ‘बहिष्कृत’ असा झाला. पुढे तमिळ दलित तरुण-तरुणींनी तीच परै सभा-मोर्चांत उचलली आणि मानाचे वाद्य म्हणून वाजवायला सुरुवात केली. तिथेही आधी नकार आला आणि मग स्वीकार आला.

नकार आणि त्याचा अर्थ

महाराष्ट्रातला नकार १९२७ च्या महाड परिषदेनंतर ठळक झाला. मृतमांस सोडा, शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरू नका, हा बाबासाहेबांचा संदेश गावोगाव गेला आणि अनेक महारवाड्यांनी गावकीची हलकी कामे टाकली. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. १९५६ च्या धर्मांतराने या नकाराला नैतिक अधिष्ठान दिले आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. या सगळ्या काळात गावाने बहिष्कार घातले, पाणी तोडले, शेतातून हाकलले. ज्यांनी हलगी खाली ठेवली त्यांनी त्याची किंमत मोजलेली आहे.

आज एक वर्ग असा आहे की जो हळहळतो: ‘अरेरे, यांनी आपली कला सोडली, लोकसंस्कृतीचे नुकसान झाले.’ या मंडळींना सांगितले पाहिजे की, जे सोडले ते सक्तीचे काम होते. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या वाजवण्याला कला म्हणून मिरवणे ही क्रूर थट्टा आहे. आणि कला सोडली हेही खरे नाही. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा बाज घेतला, त्यातला आशय बदलला आणि गावोगाव समतेचा विचार नेला. भीमराव कर्डकांचा जलसा, वामनदादा कर्डकांची गाणी, अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांचे १९४४ साली उभे राहिलेले लाल बावटा कलापथक ही सगळी त्याच मातीतली माणसे. जे वाद्य पाटलाच्या दारात वाजत होते ते सभेच्या व्यासपीठावर आले.

परंतु या इतिहासाची एक दुखरी बाजूही आहे आणि ती झाकून चालणार नाही. एका जातीने गावकी टाकली तेव्हा गावाने ते काम दुसऱ्या अस्पृश्य जातीवर ढकलले. महारांनी सोडले ते मांगांनी करावे, असा दबाव आला. त्यातून दोन शेजारच्या वाड्यांत दुरावा निर्माण झाला. गावाला हेच हवे होते. आजही हलगी वाजवून पोट भरणाऱ्या मातंग तरुणाला शिकलेला दलित ‘अजून हेच करतोस काय?’ असे विचारतो. त्या तरुणाकडे जमीन नाही, नोकरी नाही. त्याच्या हातात विद्या आहे ती एवढीच. नकार ही आपली मोठी मिळकत आहे. परंतु ज्याला दुसरी वाट मिळालेली नाही त्याला हिणवण्यासाठी ती वापरली, तर आपणही एक नवी उतरंड तयार करू.

बलुत्याकडून सुपारीकडे

मग प्रश्न उरतो: वाजवायचे असेल तर ते कोणत्या अटींवर? इथे तमाशाचा अनुभव उपयोगी आहे. पुणे जिल्ह्यातले नारायणगाव ही टोमॅटोची मोठी बाजारपेठ. तेच तमाशाचेही केंद्र. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात आणि करार होतो. याला सुपारी म्हणतात. तारीख ठरते, रक्कम ठरते, विसार दिला जातो. या व्यवहारात शोषण नाही असे नव्हे. कर्ज, उचल आणि कलावंत स्त्रियांची अवहेलना या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत. तरीही बलुते आणि सुपारी यांत फरक आहे. सुपारीत नाही म्हणता येते. भाव करता येतो. वाजवणारा आणि वाजवून घेणारा कागदावर तरी दोन पक्ष होतात.

अमेरिकेतल्या शेतकरी बाजारांतही हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा आहे. काही बाजार वादकाला ठरावीक मानधन देतात. काही ठिकाणी त्याने समोर पेटी ठेवायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याने टाकील ते घ्यायचे. ‘तुम्हाला लोकांसमोर यायला मिळते’ हाच मोबदला, असे सांगितले जाते. तिथल्या हौशी वादकाला हे चालत असेल. परंतु आपल्याकडे समोर ठेवलेल्या ताटलीला इतिहास आहे. ज्याच्या आज्याने ओवाळणीसाठी हात पुढे केला त्याच्या नातवापुढे पुन्हा ताटली ठेवणे म्हणजे केवळ पैशाची गोष्ट राहत नाही. ठरलेला दर आणि खुशीने टाकलेले नाणे यांत सन्मानाचे अंतर आहे.

जुनी दवंडीही पुरती मेलेली नाही. काही महापालिकांनी कर थकवणाऱ्यांच्या दारात बँड, ढोल वाजवण्याची पद्धत अवलंबिली. थकबाकीदाराला लाज वाटावी, हा हेतू. दुसऱ्याला लाजवण्यासाठी गरिबाच्या हातात ढोल द्यायचा, ही कल्पना कोणत्या परंपरेतून आली हे सांगायला नको. उलट, तहसील कचेरीसमोर लोक हलगीनाद आंदोलन करतात तेव्हा तीच हलगी वरच्याला जाब विचारते. वाद्य तेच, ताल तोच. दिशा बदलली की अर्थ बदलतो.

आपल्यापुढचे काम

न्यू ऑर्लिन्सच्या वस्त्यांनी आपले बँड स्वतः पोसले, म्हणून ते बँड त्यांचे राहिले. आपल्याकडे १४ एप्रिलची जयंती हा सर्वांत मोठा उत्सव. लोकांच्या वर्गणीतून त्यासाठी पैसा जमतो. त्यातला किती पैसा ध्वनिवर्धकांच्या भिंतींवर जातो आणि किती आपल्या हलगीवाल्याला, सनईवाल्याला, शाहिराला मिळतो, याचा हिशेब प्रत्येक मंडळाने एकदा मांडावा. लग्नाच्या बँडमध्ये झुपकेदार टोपी आणि रंगीत डगला घालून वाजवणारे बहुतेक दलित आणि मुस्लिम वादक आहेत. वर्षातले काही महिने काम, बाकी महिने मजुरी. त्यांना बोलावणारे पहिले गिऱ्हाईक आपणच व्हायला हवे, आणि तेही ठरलेल्या दराने, पंगतीत बरोबर बसवून.

शेतकरी बाजारात, महोत्सवात, शाळेच्या संमेलनात जिथे लोकवाद्य म्हणून हलगी बोलावली जाईल तिथे कार्यकर्त्यांनी वर सांगितलेले चार प्रश्न विचारावेत. दर लेखी ठरवून घ्यावा. कार्यक्रमपत्रिकेवर ‘हलगी पथक’ असे न छापता वाजवणाऱ्यांची नावे छापायला लावावीत. लॅट्रोबच्या रोजनिशीत जे राहून गेले ते आपल्या पत्रिकेत तरी राहू नये.

शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासाठी आणखी एक काम आहे. आपापल्या बाजारगावी साठीपुढचे जे वादक आहेत त्यांच्याकडून हलगीचे बोल, दवंडीची भाषा, कातडे मढवण्याची रीत आणि बलुत्याचा हिशेब लिहून घ्यावा. आणि ज्यांनी वाजवणे सोडले त्यांनी ते केव्हा आणि का सोडले, हेही त्याच वहीत लिहावे. वाजवणाऱ्याची आठवण जेवढी मोलाची, तेवढीच नाही म्हणणाऱ्याचीही. या दोन्ही आठवणी एकत्र मांडल्या तरच आपल्या बाजाराचा खरा इतिहास लिहिला जाईल. आणि तो लिहिण्यासाठी बाहेरच्या कोणा लॅट्रोबची वाट पाहण्याचे कारण उरणार नाही.